एका बिलाचे ४७ कॉलम: टेबल कधी फोडायचं आणि कधी राहू द्यायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गांधीबागेतल्या एका औषधांच्या होलसेलरचं बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्याकडे आलंय, आधीच्या माणसाने सगळं एकाच 'विक्री' टेबलमध्ये भरलंय, ४७ कॉलम आहेत, दोन लाखांच्या वर ओळी झाल्यात, डेटाबेस मायएसक्यूएल. ऑफिसातला एक सीनियर म्हणतो तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (टेबलातली पुनरावृत्ती काढायच्या नियमांच्या तिसऱ्या पायरीपर्यंत) ने, दुसरा म्हणतो जॉइन (टेबलं एकमेकांना जोडून वाचणं) वाढले की स्लो होईल, चालतंय ना, मग चालू दे. आणि तुम्हाला हवंय ते हे, की एकूण किती टेबलं करायची.

मी नागपुरातच आहे आणि इतवारी, गांधीबाग, कळमना इकडच्या व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअरं बरीच वर्षं करतोय, त्यात औषधवालेही आहेत, म्हणून जरा लांब लिहितो. उत्तर सहाही असू शकतं, अकराही असू शकतं, ते तुमचा मालक त्या डेटाला रोज काय काय विचारतो त्यावर आहे. पण आकडा धरून बसू नका. टेबलं मोजायचीच नसतात, त्या ४७ पैकी एकेका कॉलमवर बोट ठेवून विचारायचं असतं की ही माहिती नेमकी कोणाची आहे? बिलाची, दुकानाची, औषधाची, की त्या औषधाच्या एका बॅचची? मालक सापडला की कॉलम त्याच्या टेबलमध्ये जातो, आणि सगळे कॉलम आपापल्या मालकाकडे गेले की जेवढी टेबलं झाली तेवढी तुमची संख्या.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीचा, पेपर लिहिला, पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म मांडला, आणि या सगळ्याच्या मुळाशी हाच विचार आहे. परीक्षेसाठी आपण 'पार्शल डिपेन्डन्सी', 'ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी' पाठ करतो आणि नोकरीत विसरतो, कारण तिथे उदाहरण विद्यार्थी आणि विषयाचं असतं, ज्यात पैसे अडकत नाहीत. तुमच्या बिलात पैसे अडकतात, त्यामुळे तुमच्याच बिलावर बघू.

सध्या काय होतंय ते आधी. दुकानाचा फोन नंबर प्रत्येक ओळीत आहे. एका मेडिकलवाल्याने वर्षभरात दोनशे बिलं घेतली आणि प्रत्येक बिलात सात-आठ औषधं, तर तोच नंबर हजार-दीड हजार वेळा लिहिला गेला. त्याने नंबर बदलला, तुमच्या ऑपरेटरने पुढच्या बिलात नवा टाकला, मागचे तसेच राहिले. महिनाअखेरीला वसुलीचा मुलगा जुन्या थकीत बिलाची प्रिंट घेऊन फोन लावतो आणि परत येऊन म्हणतो, 'भाऊ, हा नंबर तं बंद हाये.' डेटाबेसच्या हिशोबाने दोन्ही नंबर खरे आहेत, कारण एकाच प्रश्नाची दोन उत्तरं त्यात बसलीत आणि कोणतं आजचं ते सांगायला काहीच नाही. याला अपडेट अनॉमली म्हणतात.

दुसरं, नवीन दुकान जोडलं पण अजून एकही बिल झालं नाही तर त्याची माहिती ठेवायची कुठे? एकच टेबल असलं की जागाच नाही, मग लोक शून्य रकमेचं खोटं बिल बनवतात, आणि ते खोटं बिल पुढे रिपोर्टमध्ये मोजलं जातं. तिसरं, एखाद्याचं एकुलतं एक बिल चुकून झालं म्हणून डिलीट केलं की त्याच्यासोबत दुकानाचा पत्ता, लायसन्स, सगळंच गेलं. यातलं एक तरी तुमच्याकडे घडत असणारच, मालकाला विचारून बघा. आणि 'चालतंय ते चालू दे' म्हणणाऱ्या सीनियरलाही हेच दाखवा, नॉर्मल फॉर्मची नावं सांगू नका, दोन फोन नंबर दाखवा.

आता एकेक कॉलम घेऊ. दुकानापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. दुकानाचं वेगळं टेबल करायचं यावर वाद नाही. वाद असतो तो दुकान ओळखायचं कशावरून. नावावरून अजिबात नाही, एकाच नावाची मेडिकल धरमपेठेत एक, मानेवाड्यात एक आणि वाडीत एक अशी सर्रास असतात. मग बरेच जण जीएसटी नंबर 'की' म्हणून, म्हणजे ओळ ओळखायची खूण म्हणून घेतात, दिसायला तो छान युनिक दिसतो, १५ अक्षरांचा, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे म्हणजे महाराष्ट्रासाठी २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. पण एकाच मालकाची शहरात दोन दुकानं असतील तर दोन्हींचा जीएसटी नंबर बहुधा एकच असतो, कारण नोंदणी राज्यात पॅनवर होते. आणि लहान दुकानदार, ज्याची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्याच्याकडे नंबर नसूही शकतो. म्हणजे जीएसटी नंबरावरून दुकान ठरत नाही, फार तर मालक ठरतो.

ड्रग लायसन्स मात्र जागेला मिळतं, दोन जागा असतील तर दोन वेगळी लायसन्स. म्हणून दुकान ओळखायला ते जास्त खरं आहे. तरी मी लायसन्स नंबरलाही प्रायमरी की करत नाही, कारण जागा बदलली की नवीन लायसन्स येतं, टाइप करताना चूक झाली तर ती की असल्यामुळे सगळीकडे पसरते. साधा वाढत जाणारा आयडी ठेवा आणि लायसन्स नंबरवर युनिक इंडेक्स (शोधायची सूची, जी तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ देत नाही) लावा. दोन्ही करा, फक्त आयडी ठेवून मोकळे होऊ नका, नाहीतर एकच दुकान तीनदा तीन आयडीने घुसेल आणि आयडी युनिक असल्यामुळे डेटाबेसला त्यात काही वावगं दिसणार नाही.

लायसन्सचीच अजून एक गंमत, म्हणजे महत्त्वाचीच गोष्ट. रिटेल मेडिकलकडे साधारणपणे दोन लायसन्स असतात, फॉर्म २० चं आणि फॉर्म २१ चं. आता तुमच्या टेबलात 'डीएल नंबर' (ड्रग लायसन्स नंबर) असा एकच कॉलम असेल आणि त्यात दोन्ही नंबर मध्ये कॉमा टाकून लिहिलेले असतील, मी अजून याच्याशिवाय दुसरं पाहिलेलं नाही. कोणी कॉमा टाकतो, कोणी तिरकी रेघ, कोणी '२०/२१' लिहून पुढे एकच नंबर. छापण्यापुरतं ठीक आहे, पण ज्या दिवशी मालक म्हणेल की ज्यांचं फॉर्म २१ चं लायसन्स आपल्याकडे नोंदलेलं नाही त्यांची लिस्ट दे, त्या दिवशी तुम्ही स्ट्रिंग तोडत बसाल. शिवाय कॉमावाल्या कॉलमवर युनिक लावून उपयोग नाही, इंडेक्सचाही फायदा जवळजवळ संपतो. एका खान्यात एकच किंमत असा जो पहिल्या नॉर्मल फॉर्मचा आग्रह आहे तो याचसाठी. 'दुकान_लायसन्स' असं छोटं टेबल करा, त्यात दुकानाचा आयडी, फॉर्मचा प्रकार, नंबर. एका दुकानाच्या दोन ओळी, आणि वर सांगितलेला युनिक इंडेक्स इथे लागतो.

आणि त्याच टेबलमध्ये फोन नंबर घालायचा मोह टाळा. दुकानाचे दोन फोन आणि दोन लायसन्स असतील आणि तुम्ही दोन्ही एकाच टेबलात ठेवले तर कुठला फोन कुठल्या लायसन्ससमोर लिहायचा? त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. शेवटी चार ओळी होतात किंवा कुठेतरी नल (रिकामे खाने) पडतात. चौथा नॉर्मल फॉर्म म्हणून जे घाबरवतात ते एवढंच आहे.

आता औषधाकडे येऊ, कारण खरं शिकण्यासारखं इथे आहे. नवीन मुलं 'प्रॉडक्ट' टेबल करतात आणि त्यात नाव, कंपनी, पॅकिंग, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण कोड), एमआरपी, एक्स्पायरी असं सगळं टाकतात. नाव, कंपनी, पॅकिंग ठीक, ते औषधाचं आहे. एक्स्पायरी औषधाची नसते, बॅचची असते, हे लगेच पटतं कारण प्रत्येक बॅचची वेगळी. एमआरपी मात्र लोकांना औषधाची वाटते आणि इथेच पुढे रडायची वेळ येते. स्ट्रिपवर एमआरपी छापली जाते ती बॅचसोबत. नियंत्रित यादीतल्या औषधांच्या कमाल किमती दरवर्षी १ एप्रिलपासून घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात, आणि गोडाऊनमध्ये त्या वेळी जुन्या एमआरपीची बॅच आणि नव्या एमआरपीची बॅच शेजारी शेजारी पडलेली असते. एमआरपी प्रॉडक्टमध्ये ठेवली आणि नवीन माल आला म्हणून बदलली की जुन्या बॅचची विक्रीही नव्या एमआरपीने निघते. औषध छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणं हा सरळ गुन्ह्याचा मामला आहे, रिपोर्ट चुकला एवढ्यावर भागत नाही.

म्हणजे 'बॅच' हे स्वतंत्र टेबल, आणि त्याची ओळख औषध आणि बॅच नंबर या जोडीने. नुसत्या बॅच नंबरने नाही, कारण दोन कंपन्यांच्या बॅचचा नंबर सारखा येऊ शकतो. तेव्हा युनिक लावायचं ते जोडीवर. एक्स्पायरी, छापील एमआरपी, खरेदीचा दर हे त्या जोडीचं.

मग २२ सप्टेंबर २०२५ आला. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, काही औषधांवर शून्य. एमआरपीत टॅक्स धरलेला असतो त्यामुळे एमआरपीही उतरली, आणि बाजारात आधीच पोचलेल्या मालावर नवं लेबल चिकटवणं सक्तीचं केलं नाही, कंपनीने सुधारित दरपत्रक काढायचं आणि दुकानदाराने त्या दराने विकायचं. म्हणजे एकाच बॅचच्या एकाच स्ट्रिपवर छापलेली एमआरपी एक आणि लागू असलेली एमआरपी दुसरी. ज्यांनी 'औषध आणि बॅच यावरून एमआरपी ठरते' असं पक्कं धरलं होतं त्यांना त्या आठवड्यात झोप नव्हती. आता बरोबर मांडणी अशी की छापील एमआरपी बॅचची, ती कधी बदलत नाही. लागू एमआरपी वेगळ्या 'दर' टेबलमध्ये, बॅच, कोणत्या तारखेपासून, किती. बिल करताना त्या तारखेला लागू असलेली शेवटची ओळ घ्यायची.

यातून मला सांगायचं ते हे की कोणती गोष्ट कशावरून ठरते हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते धंद्याच्या नियमात असतं, आणि नियम बदलला की तुमचा नॉर्मल फॉर्मही हलतो. म्हणून मी टेबलं काढायच्या आधी गोडाऊनच्या माणसाजवळ बसतो, मालकाजवळ नाही. मालक सांगतो धंदा कसा चालायला पाहिजे, गोडाऊनचा माणूस सांगतो की कालच एकाच बॅचचे दोन एमआरपी आलेत.

एचएसएनचंही तेच. वाटतं की एचएसएन कोड कळला की टॅक्सचा दर कळला, म्हणजे दर एचएसएनच्या टेबलमध्ये टाकावा, छान तिसरा नॉर्मल फॉर्म. पण रिटेल पॅकमधली बहुतेक औषधं ३००४ मध्ये येतात आणि त्याच ३००४ खाली ५ टक्केवाली आहेत आणि शून्यवालीही आहेत. म्हणजे चार आकडी एचएसएनवरून दर ठरत नाही. दर औषधाला जोडा, तारखेसकट. आपल्या डोळ्याला जिथे नातं दिसतं तिथे ते असतंच असं नाही, दोन लाख ओळी आहेतच तुमच्याकडे, तपासून घ्या. एचएसएनवर ग्रुप बाय करा आणि प्रत्येक गटात वेगवेगळे दर किती आहेत ते काउंट डिस्टिंक्टने मोजा. एकापेक्षा जास्त निघाले तर एक तर डेटा चुकलाय, नाहीतर तुमचं गृहीतक. हीच तपासणी प्रत्येक संशयित जोडीवर करा, लायसन्स आणि दुकानाचं नाव, बॅच आणि एक्स्पायरी, पिनकोड आणि एरिया. पिनकोडवरून एरिया ठरत नाही हे तुम्हाला लगेच दिसेल, एका पिनकोडात कितीतरी वस्त्या येतात.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्यावर नॉर्मलायझेशन नुकतंच शिकलेले लोक हमखास घसरतात. प्रत्येक कॉलमला विचारायचं की उद्या ही किंमत बदलली तर जुन्या बिलावरही बदललेली दिसायला हवी का?

दुकानाचा फोन बदलला तर जुन्या बिलाच्या वसुलीलाही नवाच नंबर हवा. मग तो दुकानाच्या टेबलमध्ये, एकदाच. टॅक्सचा दर बदलला तर ऑगस्ट २०२५ च्या बिलावर मात्र १२ टक्केच दिसला पाहिजे, आज उघडलं तरी आणि दहा वर्षांनी उघडलं तरी. त्या बिलावरचा माल नोव्हेंबरमध्ये परत आला आणि त्याच बिलाची क्रेडिट नोट काढायची झाली तर तीही १२ ने. मग बिलाच्या ओळीत दर, एमआरपी, पीटीआर (दुकानदाराला लावलेला दर), डिस्काउंट, टॅक्सची रक्कम हे सगळं लिहून ठेवायचं, प्रॉडक्टला जॉइन मारून आणायचं नाही. हे बघून कोणी म्हणेल की अरे हे तर डुप्लिकेट झालं, आम्ही तर एका ठिकाणी ठेवायला शिकलो. डुप्लिकेट नाहीये. 'आजचा दर' ही औषधाची माहिती आहे आणि 'त्या दिवशी लावलेला दर' ही बिलाच्या ओळीची माहिती आहे, आज दोन्ही आकडे सारखे दिसतात हा योगायोग आहे. मालक वेगळा म्हणून जागा वेगळी. नॉर्मलायझेशनच्या कुठल्याच नियमाला यात धक्का लागत नाही.

बिलावर छापलेलं दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, लायसन्स नंबर हेसुद्धा मी बिलाच्या हेडरमध्ये (बिलाच्या वरच्या भागाच्या टेबलात) कॉपी करून ठेवतो, शिवाय दुकानाचा आयडी ठेवतोच. कारण दुकान सीताबर्डीवरून सदरला गेलं म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या बिलाची प्रिंट सदरच्या पत्त्याने निघाली तर तो कागदच बदलला. ऑडिटला कागद जसा दिला तसाच परत निघाला पाहिजे. फोन मात्र कॉपी करत नाही, वसुलीला तो आजचाच हवा.

आता कुठे फोडायचं नाही ते, कारण एकदा सवय लागली की माणूस सगळंच फोडत सुटतो. पत्त्याच्या ओळ एक, ओळ दोन, एरिया, पिनकोड यांची चार टेबलं करू नका. पिनकोडचं स्वतंत्र टेबल तेव्हाच, जेव्हा तुमच्याकडे रूट ठरवायला किंवा डिलिव्हरीला ते खरंच वापरलं जातं. बिलाची स्थिती, म्हणजे कच्चं, पक्कं, रद्द, यासाठी टेबल नको, चेक कन्स्ट्रेंट (ठरलेल्याच किमती घेऊ देणारा नियम) पुरतो, मायएसक्यूएलमध्ये तो ८.०.१६ पासून खरोखर पाळला जातो, त्याआधी लिहिला तरी नुसता वाचून सोडून द्यायचे. आणि 'गुणधर्म, किंमत' अशा दोन कॉलमांचं ते सर्वभक्षी टेबल, ज्यात कुठल्याही गोष्टीचं काहीही टाकता येतं, ते तर करूच नका. सुरुवातीला फार लवचीक वाटतं, पण त्यात एक्स्पायरी तारीखच आहे की कोणी 'लवकर' असं लिहिलंय हे डेटाबेस तपासू शकत नाही, आणि एका औषधाची पूर्ण माहिती आणायला त्याच टेबलला आठ वेळा जॉइन करावं लागतं.

मधलं एक उदाहरण घ्या जिथे उत्तर खरंच परिस्थितीवर आहे. औषधातलं सॉल्ट, म्हणजे मूळ घटक. अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी गोळी असते. तुमचा होलसेलर ते फक्त स्क्रीनवर वाचत असेल तर 'कंपोझिशन' नावाच्या एका टेक्स्ट कॉलममध्ये लिहिलं तरी काही बिघडत नाही. पण मेडिकलवाल्याचा फोन येतो की अमुक ब्रँड नाही तर त्याच सॉल्टमध्ये दुसरं काय आहे, आणि काउंटरवरचा मुलगा ते शोधतो, असं असेल तर 'सॉल्ट' एक टेबल आणि 'प्रॉडक्ट_सॉल्ट' दुसरं, आणि मिलिग्रॅमचा आकडा त्या दुसऱ्या टेबलमध्ये. कारण १०० हा ना त्या गोळीचा आकडा आहे ना त्या सॉल्टचा, तो त्या गोळीतल्या त्या सॉल्टचा आहे. हे काम तुमच्याकडे कोणी करतं का ते बघा, करत नसेल तर आज फोडू नका, टेक्स्ट तसाच राहू द्या.

स्पीडचं आता, कारण तुमच्या दुसऱ्या सीनियरची भीती तीच आहे. दोन लाख ओळी म्हणजे मायएसक्यूएलसाठी काहीच नाही. आयडीवर इंडेक्स असलेला जॉइन इतका स्वस्त असतो की पाच टेबलं जोडून एक बिल उघडलं तरी माणसाला फरक कळत नाही. तुमचं आत्ताचं टेबल स्लो असेल तर जवळजवळ नक्की कारण असं असेल की दुकानाचं नाव दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह लावून लाइकने, म्हणजे नावात कुठेही आलेल्या तुकड्यावरून, शोधलं जातंय, तिथे इंडेक्स लागत नाही, पूर्ण टेबल वाचावं लागतं, तेही ४७ रुंद कॉलमांसकट. दुकानाचं टेबल वेगळं झालं की तेच शोधणं हजार-दोन हजार ओळींत होतं, म्हणजे फोडल्याने इथे उलट वेग वाढतो. वाद घालण्यापेक्षा क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लावा, डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते तो दाखवतो, आणि ते दोघांनाही दाखवा.

फॉरेन की, म्हणजे बिलातला दुकान आयडी दुकानाच्या टेबलात असलाच पाहिजे अशी अट, लावा, कोडमध्ये तपासतो म्हणून सोडू नका. फक्त टेबलचं इंजिन (मायएसक्यूएलची साठवायची पद्धत) इनोडीबी आहे ना ते बघा, जुनं टेबल मायआयसॅममध्ये असेल तर फॉरेन की लिहिली तरी एरर येणार नाही आणि ती पाळलीही जाणार नाही. पुढे पोस्टग्रेसवर गेलात तर लक्षात ठेवा की तिथे फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स आपोआप बनत नाही, इनोडीबीत बनतो. आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये एसक्यूलाइट वापरत असाल तर तिथे फॉरेन कीची तपासणी बाय डिफॉल्ट बंद असते, प्रत्येक कनेक्शनवर प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) देऊन चालू करावी लागते.

मुद्दाम डुप्लिकेट ठेवायची वेळही येते, ती नाकारत नाही. बॅचचा शिल्लक स्टॉक हे सगळ्यात नेहमीचं. शिल्लक ही तशी कुठेच ठेवायची गोष्ट नाही, आवक वजा जावक, त्यात एक्स्पायरीचा परत आलेला माल, १० वर १ च्या स्कीमचा फ्री माल सगळं धरून ती काढता येते. पण काउंटरवर प्रत्येक की दाबताना पूर्ण इतिहास बेरीज करणं परवडत नाही, मग बॅचच्या ओळीत शिल्लक आकडा ठेवतात. ठेवा, पण दोन अटींवर. आवक-जावकीची नोंद आणि शिल्लक आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलले पाहिजेत, म्हणजे एक तर दोन्ही बदलतील नाहीतर एकही नाही. आणि रोज रात्री एक स्क्रिप्ट दोन्ही जुळवून बघेल आणि फरक आला तर सांगेल. फरक आला तर नोंदी खऱ्या, शिल्लक आकडा खोटा, हे आधीच ठरलेलं असू द्या. हे न ठरवता केलेलं डीनॉर्मलायझेशन म्हणजे तुमचं आत्ताचं टेबल.

आता करायचं कसं, चालू धंद्यात. सगळं एका रविवारी बदलायला जाऊ नका. आधी फक्त दुकान बाहेर काढा. जुन्या टेबलमधून नाव, एरिया, लायसन्स यांच्या वेगवेगळ्या जोड्या सिलेक्ट डिस्टिंक्टने काढल्या की हजार दुकानांच्या ठिकाणी तीन हजार ओळी निघतील. 'मेडिकल', 'मेडीकल', 'मेडिकल्स', 'मेडि. स्टोअर्स', मागे सुटलेली स्पेस, पुढे 'श्री' असलेलं आणि नसलेलं. हे कोडने पूर्ण जुळत नाही. लायसन्स नंबरातल्या स्पेस आणि रेघा काढून आधी त्यावर जुळवा, बरंच तिथेच मिटतं, उरलेली यादी प्रिंट करून वसुलीच्या माणसाला द्या, तो एका दुपारी पेनने खुणा करून देईल की कोण कोणतं. त्याच्याशिवाय कोणालाच हे माहीत नसतं.

मग जुन्या टेबलमध्ये दुकान आयडीचा एक कॉलम वाढवा, भरा, कोणाचा नल राहिला का बघा, आणि त्यानंतरच फॉरेन की. जुने नाव-पत्त्याचे कॉलम लगेच काढू नका, ते बिलाच्या हेडरमध्ये जायचेच आहेत, कारण त्या दिवशी छापलेला पत्ता तोच. जुने रिपोर्ट चालू राहावेत म्हणून जुन्या टेबलचं नाव बदलून त्याच जुन्या नावाचा एक व्ह्यू बनवून ठेवता येतो जो नव्या टेबलांवरून तेच कॉलम दाखवतो, रिपोर्ट लिहिणाऱ्याला कळणारही नाही. दुकान नीट बसलं, एक महिनाअखेर आणि जीएसटीचं एक रिटर्न त्यावर निघालं, की मग औषध आणि बॅच. शेवटी बिलाचं हेडर आणि ओळी वेगळ्या करा, कारण तिथे सगळ्यात जास्त स्क्रीन अडकलेल्या असतात.

तुमचा स्कीमचा कॉलम कसा भरलाय ते तुम्ही लिहिलं नाही. त्यात '१०+१' असा टेक्स्ट असेल आणि फ्री नग वेगळे नोंदलेले नसतील तर बॅचचा स्टॉक आत्ताच जुळत नसणार, आणि तसं असेल तर औषध-बॅचच्या आधी तो कॉलम दोन आकड्यांत तोडावा लागेल, किती नगांवर आणि किती फ्री, शिवाय प्रत्यक्ष दिलेले फ्री नग बिलाच्या ओळीत. त्या कॉलममधल्या पंधरा-वीस वेगवेगळ्या किमती इथे टाका, दुकानांची नावं काढून, म्हणजे तोडायची क्वेरी कशी लिहायची ते बघता येईल.